बिनवायरीची डबी

मन्मथप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडं बघतात, मग माणसांकडं. वायर कुठून आली, कुठं वळली, कुठल्या बोर्डात शिरली, याचा डोळ्यांनी माग काढत ते उंबऱ्यापासून पार स्वयंपाकघरापर्यंत जातात. माग पुरा झाला की मग वळून विचारतात, "बरे हाव का सगळे?" सोयरीक जुळवायची असो, बारसं असो, नाहीतर कुणी गेलं म्हणून भेटायला जायचं असो, हा क्रम बदलत नाही.

आमचे हे गेले तेव्हाची गोष्ट. बैठकीत बायका पदर घेऊन बसलेल्या, पुरुष सतरंजीवर माना खाली घालून. मन्मथप्पा आले, दारातच थांबले आणि वर बघू लागले. मला वाटलं, बिचाऱ्यांना भरून आलंय, डोळ्यांतलं पाणी लपवून राहिलेत. थोड्या वेळानं त्यांनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि खिशातून काळी चिकटपट्टी काढली. सगळी बैठक माना वर करून बघायला लागली. पट्टी गुंडाळून झाल्यावर अप्पा खाली उतरले, माझ्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "वैनी, लई वाईट झालं. आनि ह्या पंख्याला अर्थिंग न्हाई."

रडून रडून सुजलेली मी तोंडात पदर कोंबून हसले. बायकांना वाटलं, हुंदका आवरला. जावेनं पाठीवरून हात फिरवला.

लातूरला आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून आहेत. परसात कमरेएवढी एकच भिंत, ती त्यांची की आमची हे अजून ठरलेलं नाही. गोलाईच्या बाजारपेठेमागं अप्पांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. वायर, होल्डर, फ्यूज, शेतातल्या मोटारीची केबल. रेणापूर, देवणीकडचे शेतकरी यायचे. अप्पा वायर मोजून द्यायचे आणि वर एक वीत जास्तीची सोडायचे. "टोकाला कमी पडू ने," म्हणायचे. दुकान विकून बरीच वर्षं झाली, पण लोक पेन लावतात त्या खिशात अप्पांचा टेस्टर अजून आहे. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा सदरा आणि खिशातून डोकावणारी टेस्टरची लाल मूठ. लांबून कुणी मोठा डॉक्टर येतोय असं वाटतं. जवळ आले की बोर्ड उघडायला मागतात.

त्यांचा एक सवाल सगळ्या गल्लीला पाठ आहे. "टोक कुठाय?" कुणी सांगितलं, सातबारा आता ऑनलाइन झाला. "टोक कुठाय?" कुणाच्या मुलीला फोनवरच पसंत केलं. "टोक कुठाय?" ज्या गोष्टीचं एक टोक इकडं आणि दुसरं तिकडं दाखवता येत नाही, ती त्यांच्या लेखी अफवा. टीव्हीचा रिमोट त्यांनी सुतळीनं पलंगाच्या पायाला बांधलाय. मोबाइल सदा चार्जरला लावलेला. फोन आला की भिंतीजवळ जाऊन, ताठ उभं राहून बोलतात. एकदा मी चिडवलं, "अप्पा, देवाला कुठंय वायर?"

त्यांनी सदऱ्यावरूनच गळ्यातलं इष्टलिंग चाचपलं. "ही काय दोरी. माझा देव बांधलेला हाय वैनी. मोकळ्या देवाचं तुमचं तुम्ही बगा."



अशा माणसाशी माझी पहिली गाठ कशी पडली तेही सांगून टाकते. मी नांदेडची. लग्न होऊन लातूरला आले तेव्हा मला दोन गोष्टींचा गर्व होता. एक गोदावरीचा. "आमच्याकडं नदी आहे," असं मी लातूरच्या बायकांना इतक्या वेळा ऐकवलं, जणू वडिलांनी ती स्वतः खणून घेतली होती. इथं नळाला पाणी यायचं त्या दिवशी सण असायचा, त्यामुळं बायका माझ्याकडं जशा बघायच्या ते आत्ता कळतं. दुसरा गर्व पाणी तापवायच्या रॉडचा. वडिलांनी रुखवतात दिला होता. सासरी चुलीवर हंडा तापायचा. त्या हंड्याकडं मी अशा काही दयेनं बघायची की सासूबाईंनी मला त्यातच बुडवलं नाही हे त्यांचे उपकार.

पहिल्याच थंडीत मी रॉड बादलीत सोडला, बटण लावलं, आणि पाणी तापलं का बघायला बोट घातलं. बटण चालूच. न्हाणीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी इतक्या झटकन पोचले की मधला रस्ता मला आठवत नाही. आरडाओरडा ऐकून शेजारचा तरुण दुकानदार टेस्टर घेऊन धावत आला. मी जमिनीवर पसरलेली, अंबाडा सुटलेला. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वायरीचा माग काढत बोर्डापर्यंत गेला, बटण बंद केलं, मग वळून म्हणाला, "आधी बटन बंद, मग बोट."

आणि त्या वेळची मी, दोन वेण्यांच्या वयातून नुकतीच बाहेर पडलेली शहाणी, पदर सावरत म्हणाले, "मला काही झालं नाही. मी चाचणी घेत होते."

मन्मथप्पा आजही माझ्या हातात कुठलीही बादली दिसली की विचारतात, "वैनी, चाचनी का?"

आमचे हे गेल्यावर महिन्याभरात अप्पांनी आणखी एक उद्योग केला. त्यांच्या न्हाणीच्या बाहेरून माझ्या स्वयंपाकघरापर्यंत घंटीची वायर ओढली. एक बटण त्यांच्याकडं, एक माझ्याकडं. "कायबी लागलं तर दाबा. मोबाइलवर बसू नका, त्याचं टोक कुनाच्या हातात हाय कुनाला ठावं." मी म्हटलं, घरात मुलगा आहे, सून आहे, कशाला? ते म्हणाले, "वायर शिल्लक होती." मग त्यांची बायको गंगाक्काही गेली. मुलगा विश्वनाथ लांब अमेरिकेत, थंडीत बर्फ पडतो अशा गावी. घरात अप्पा एकटे आणि त्यांच्या वायरी.

त्यांच्या अंघोळीबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. अप्पा जन्मभर गार पाण्यानं अंघोळ करत आले. पहाटे अंगावर पहिला तांब्या ओतला की "शिवा शिवा शिवा" असा जो आवाज निघतो, त्यावर आमची अर्धी गल्ली उठते. मग लिंगपूजा, मग चहा. पण परवाच्या हिवाळ्यात छाती कफानं भरली आणि डॉक्टरांनी बजावलं, गार पाणी बंद. गंगाक्काच्या पुण्यस्मरणाला विश्वा आला होता. त्यानं दोन दिवसांत न्हाणीत गीझर बसवला आणि गीझरच्या वायरीला मध्येच एक पांढरी डबी जोडली. डबीला लाल दिवा.

जेवायला मीही तिथंच होते, त्यामुळं ही लढाई मी पुढच्या रांगेत बसून बघितली.

"अप्पा, ही वायफायवर चालते," विश्वा म्हणाला. "मी तिकडून फोनवर बटण दाबलं की इथं गीझर सुरू. तुम्हाला काही करायचं नाही."

"टोक कुठाय?"

"टोक नसतं अप्पा. हवेतून येतं."

"हवेतून डास येत्यात."

विश्वानं फोन काढून दाखवला. तिकडं सगळं घरच गरम ठेवावं लागतं म्हणे. संध्याकाळी, म्हणजे आपल्या पहाटे, कामावरून आलं की तो फोनवरून खोल्या तापवतो. आधी भिंतीवर एक डबी होती, तिथून तळघरातल्या, घर तापवणाऱ्या भट्टीपर्यंत वायर गेलेली. ती काढून त्यानं बिनवायरीची बसवली.

अप्पांचा घास हातातच राहिला. "वायर होती?"

"होती."

"चांगली होती?"

"चांगली होती, पण..."

"आनि काढली?"

वडिलोपार्जित रान विकलं असतं तरी अप्पा इतके खचले नसते. भाकरी तशीच ठेवून ते बोलायला लागले. वायरीला सेल लागत नाहीत. वायरीला पासवर्ड लागत नाही. मधे भिंत आली तर वायर भिंतीतून जाते, तुझं वायफाय भिंतीला बिचकतं. न्हाणीपासून माझ्या पलंगापर्यंत वायर ओढू, उशाला बटण बसवू, मी उठायच्या आधी माझ्या हातानं दाबीन.

"त्यासाठी आईनं निवडून आणलेल्या फरश्या फोडायच्या?" विश्वा म्हणाला.

अप्पांनी खालच्या फरशीकडं बघितलं. मग पुन्हा पातळ आवाजात, "एका कडेनं फोडू की."

शेवटी तह झाला. डबी राहील. पण एकदा जरी फेल गेली तर वायर, मग विश्वानं तोंड उघडायचं नाही. विश्वा कबूल झाला. "मग मी वेळ लावून ठेवतो," तो म्हणाला. "रोज पहाटे आपोआप सुरू होईल."

"बेडा," अप्पा म्हणाले. त्यांचं आजोळ कर्नाटकातलं, त्यामुळं नको म्हणायचं झालं की कानडीत म्हणतात. "बेडा बेडा. आपोआप म्हंजे कुनीच न्हाई. आगीचं काम हाय, मानसानं दाबायचं. तू दाब."

"अप्पा, रोज?"

"रोज. तुझं घर तापवतो तवा एक बटन जास्तीचं."

विश्वानं मला फोनचा पडदा दाखवला. हॉल, झोपायची खोली, स्वयंपाकघर, आणि त्याच्याखाली चौथी खोली, लातूर. अप्पांनी चष्मा वर करून बघितलं. "आपली न्हानी त्याच्या घरात गेली म्हना की," ते म्हणाले, आणि उरलेली भाकरी खाल्ली.

विश्वा परत गेल्याच्या दुसऱ्या दिवशी अप्पांनी डबीच्या बरोबर समोर एक खिळा ठोकला आणि त्याला वायरीचं कोरं बंडल टांगलं. डबीला दिसावं म्हणून.

तेव्हापासून पहाटे माझ्या स्वयंपाकघरात घंटी वाजायला लागली. परसात गेले की भिंतीवर वाफाळती बादली. पलीकडं अप्पा. "जास्तीचं झालंय, वैनी. डबीला किती पानी लागतं त्याचा अंदाज न्हाई." मी नको म्हणाले नाही. आमच्या गच्चीवरच्या सोलरच्या नळ्या बोअरच्या पाण्यानं चुना धरून बसल्या होत्या, त्यातून येणारं पाणी गरम म्हणावं असं उरलं नव्हतं. गार पाण्याची बादली मी भिंतीवर ठेवायची, गरम उचलायची. लातूरकर कुणाला फुकट पाणी देत नाही आणि फुकट घेतही नाही.

गरम बादली आल्यावर मी गप्प बसणारी नव्हे. "अप्पा, आज कोमटच होतं," मी म्हणायची.

"आज उशिरा चालू झालं. बर्फ पडला असंल तिकडं."

"म्हणजे डबी फेल."

"उशीर म्हंजे फेल न्हाई. येष्टी उशिरा येती. म्हनून काय ती फेल गेली का?"

मला तेव्हाच कळायला हवं होतं. वायरीचा एवढा कैवारी, आणि डबीची बाजू घेतोय. शिवाय पहाटेचं "शिवा शिवा शिवा" तसंच चालू होतं, पूर्वीच्याच पट्टीत. मी म्हटलं, कढत पाण्यानंही देव आठवत असेल. माझी अक्कल अशी सावकाश चालते. तरुणपणी तर ती उभीच असायची.

मग संक्रांतीच्या आसपास आमच्या गल्लीत नालीसाठी खोदायला यंत्र आलं आणि पहिल्याच दिवशी त्यानं अप्पांच्या इंटरनेटची वायर तोडली. आमची लाइन दुसऱ्या बाजूनं येते, ती वाचली. दुसऱ्या पहाटे घंटी वाजली नाही. परसात बादली नाही. मी गॅसवर पातेलं चढवलं आणि खूश झाले. आज अप्पा जिंकले. आता बंडल उतरणार, फरश्या फुटणार, चहाबरोबर व्याख्यान मिळणार. मी मुद्दाम अंघोळ उरकून, बरी साडी नेसून त्यांच्याकडं गेले.

अप्पा न्हाणीच्या दाराशी स्टुलावर बसले होते. डबीकडं तोंड करून.

"अप्पा, फेल गेली की डबी. काढा बंडल."

"डबी कुठं फेल गेली? वायर तुटली."

"म्हणजे वायर फेल गेली?"

"वैनी, उगं बोलू नका."

वायरवाल्या कंपनीच्या माणसाला त्यांनी फोन केला होता. खोदकाम संपेपर्यंत जोडता येणार नाही, असं उत्तर मिळालं होतं. मी दुसऱ्या दिवशी गेले, अप्पा स्टुलावर. तिसऱ्या दिवशी गेले, तसेच स्टुलावर. "शिवा शिवा" उशिरा ऐकू येत होतं, आणि तेही एकदाच. चहाला बोलावलं तर आले, पण येताना भिंतीकडं बघितलं नाही. आमच्या सुनेनं, मनीषानं, नवा बोर्ड बसवून घेतलाय, त्याच्यासमोरून सरळ चालत गेले. मनीषा मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, अप्पांना बरं नाही का?"

त्याच दिवशी दुपारी मी परसात कपडे वाळत घालत होते आणि पलीकडून अप्पांचा फोनवरचा आवाज आला. भिंतीशी उभं राहून बोलतात म्हटलं ना, ती त्यांच्या खोलीची नेमकी परसाकडची भिंत, खिडकीला लागून. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं, आणि मी तर ऐकायचंच म्हणून उभी होते.

"न्हाई न्हाई विश्वा, डबी एकदम झकास हाय. मीच बटन बंद करून ठेवलंय. जाळं झाडून राहिलो होतो... हाव, अजून झाडून राहिलोय... मोठं जाळं हाय."

तिकडून पोरगा काहीतरी बोलला.

"वायर? वायर कशाला?" अप्पा म्हणाले. "बेडा बेडा. तू म्हनला तरी बेडा. फरश्या फोडायच्या का तुझ्या आईच्या? उद्या लावतो बटन. तू दाब."

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. पोरगा आपण होऊन हरला होता, वायर ओढा म्हणत होता, आणि मन्मथप्पा, आयुष्यभर वायर विकून खाल्लेला माणूस, तिला नको म्हणत होता. वर खोटं बोलत होता. या माणसाला मी सगळं करताना बघितलंय, खोटं बोलताना कधी नाही. सवय नसल्यामुळं जाळं मोठं झालं होतं.

संध्याकाळी ते आमच्या दारात. "वैनी, तुमचं नेट चालू हाय का?"

"आहे."

"ते भिंतीतून आमच्या न्हानीत येतं का?"

मनीषा फोन घेऊन त्यांच्या घरात फिरून आली. त्यांच्या ओसरीपर्यंत बारीकसं येत होतं, न्हाणीत अजिबात नाही. "भिंती जाड आहेत," ती म्हणाली.

"बिचकतं," मी म्हणाले. "तुम्हीच म्हणाला होता."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग मनीषाकडं वळले. "पोरी, ह्या राऊटरपासून त्या राऊटरपर्यंत वायर ओढली तर?"

"चालेल की अप्पा. तशी वायर मिळते. तुमच्या राऊटरला आमचं नेट जाईल, मग तुमच्या न्हाणीत वायफाय येईल."

"म्हंजे बिनवायरीला वायर?"

"हो."

अप्पांच्या चेहऱ्यावर तीन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते गोलाईतून वायर घेऊन आले. गल्लीभर दाखवत आले. तिची दोन्ही टोकं कारखान्यातूनच तयार होऊन येतात, टक्‌ करून बसतात, हे कळल्यावर त्यांना कोण आनंद. "बगा वैनी, हे एक टोक, हे एक टोक. काय गोष्ट हाय." मग आम्ही दोघं गच्चीवर. मला शिडीखाली उभं केलं. "तुम्ही टोक धरा. सोडू नका." या वयात शिडी धरून, हातात वायरीचं टोक घेऊन मी उभी, आणि वर मन्मथप्पा खिळे ठोकतायत. गल्लीतल्या बायका बघून चालल्या होत्या. एकीनं विचारलं, "आजी, काय चाललंय?" मी म्हणाले, "चाचणी."

वायर कशी नेली ती बघण्यासारखी आहे. आमच्या खिडकीतून निघते, गच्चीच्या कठड्याला धरून जाते, त्यांच्या जिन्यावरून उतरते, गंगाक्काच्या फरश्यांना कुठंही न शिवता न्हाणीजवळ पोचते. आणि शेवटी एक वीत जास्तीची, गोल गुंडाळून ठेवलेली.

मनीषानं टोक खुपसलं, फोनवर काहीतरी केलं, डबीवर बारीक हिरवा ठिपका आला. अप्पांनी मला परसात गाठून हळूच सांगितलं, "विश्वाला ह्यातलं काई सांगू नका. आपल्या दोघांत ऱ्हाऊ द्या."

"मी कशाला सांगू? पण माझी बादली चुकवायची नाही."

दुसऱ्या पहाटे मला राहवलं नाही. घंटी वाजायची वाट न बघता मी गार पाण्याची बादली घेऊन परसाच्या दारानं त्यांच्याकडं गेले. अप्पा स्टुलावर बसलेले, टॉवेल खांद्यावर, डबीकडं बघत. मला बघून नुसतं बोट ओठांवर ठेवलं, पूजेत बोलू नये तसं. मी दाराशी उभी राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग डबीत टिक्‌ असा बारीक आवाज झाला आणि लाल दिवा लागला.

"आला घरी," अप्पा म्हणाले.

"कोण?"

"विश्वा. कामावरून आला. आज लवकर आला."

मग ते उठले, न्हाणीत गेले, दार लोटलं. मला वाटलं, पाणी तापायला वेळ लागेल, आत करतील तरी काय. आणि लगेच गार पाण्याचा आवाज, आणि खणखणीत, "शिवा शिवा शिवा."

मी तिथंच स्टुलावर बसले. समोर खिळ्याला ते कोरं बंडल लटकलेलं. त्याच्यावर धूळ होती. जाळंही होतं, खरंखुरं, छोटंसं.

अप्पा विभूती लावून बाहेर आले तेव्हा पाणी तापलं होतं. त्यांनी बादली भरली आणि माझ्यापुढं ठेवली.

"अप्पा, हे पाणी तुम्ही कधीच घेतलं नाही?"

"एक तांब्या मिसळतो की कधी कधी. डागदरासाठी."

"मग वायर का नाही ओढली? पोरगा हो म्हणत होता."

त्यांनी टॉवेल दोरीवर टाकला, कडा सारख्या केल्या. "वायर वडली तर बटन माझ्या उशाला येतं, वैनी. मीच दाबनार, मीच बघनार." डबीवर बोट टेकवलं. "हे एक टोक हाय."

दुसरं टोक कुठाय, हे विचारायची गरज नव्हती. बादली उचलली आणि घरी आले.

आता वैशाख चालू आहे. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातूनच चटके देतं, पहाटेसुद्धा. दुपारी लातुरात पाखरू दिसत नाही. आणि तरी रोज घंटी वाजते, भिंतीवर वाफाळती बादली असते, पलीकडून "जास्तीचं झालंय, वैनी." मनीषा म्हणते, "आई, सांगा ना त्यांना, आता नको म्हणून. या दिवसांत गरम पाण्यानं कोण अंघोळ करतं?"

मी सांगत नाही. बादली उचलते, रांजणाशेजारी निवत ठेवते आणि संध्याकाळी त्या पाण्यानं अंघोळ करते. मध्ये एक दिवस घंटी उशिरा वाजली तर मी चहा तसाच ठेवून परसात जाऊन उभी राहिले होते. भिंतीपलीकडं अप्पा स्टुलावर होते.

"अजून न्हाई आला," ते म्हणाले.

"येईल," मी म्हणाले. "येष्टी उशिरा येते."

मग तेही उठून भिंतीशी आले आणि आम्ही दोघं भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहिलो, टिक्‌ व्हायची वाट बघत.